नेट गेले म्हणजे नेमके काय गेले?

महोदय,

गावोगावी ज्येष्ठ नागरिकांसाठी मोबाइल वापराची शिबिरे होतात, हे स्वागतार्ह आहे. परंतु कोणते ॲप कसे उघडावे यापलीकडे त्यांची मजल सहसा जात नाही आणि हातातला फोन तारेविना नेमका कोणाशी बोलतो आहे, हे सांगायचेच राहून जाते. मग प्रत्येक अडचणीला ‘नेट गेले’ हे एकच नाव मिळते. वास्तविक आजच्या फोनमध्ये चार-पाच स्वतंत्र बिनतारी यंत्रणा असतात आणि त्या किती अंतरापर्यंत काम करतात, एवढे जरी कळले तरी निम्मा गोंधळ दूर होतो.

सर्वांत जवळून चालणारी एनएफसी. दुकानातल्या यंत्राला कार्ड किंवा फोन टेकवून पैसे देतो ती हीच. तिचा पल्ला जेमतेम चार सेंटिमीटर आहे. शिवाय कार्ड टेकवून पिनशिवाय एका वेळी पाच हजार रुपयांपर्यंतच व्यवहार होतो. त्यामुळे रस्त्याने जाणारा कोणीही खाते रिकामे करील ही भीती अवाजवी आहे. दुकानातला क्यूआर कोड मात्र या कुटुंबातला नव्हे. तिथे कॅमेरा फक्त चित्र वाचतो आणि पैशांचा निरोप इंटरनेटवरून बँकेकडे जातो.

ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटर असतो. त्यासाठी डेटा पॅक लागत नाही, ही साधी गोष्टही अनेकांना ठाऊक नसते. कानातल्या इअरफोनवर गाणे ऐकताना डेटा संपतो तो गाणे इंटरनेटवरून येते म्हणून. फोनपासून कानापर्यंतचा प्रवास फुकटच असतो. ब्लूटूथ लहरींच्या ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते तोच पट्टा वाय-फायही वापरते आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच्याच आसपास काम करतो. म्हणून मायक्रोवेव्ह चालू असताना शेजारचे वाय-फाय कधीकधी मंदावते.

सर्वाधिक गैरसमज वाय-फायबद्दल आहे. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. फोन आणि घरातला राउटर यांच्यामधला तो केवळ शेवटचा दुवा आहे. पडद्यावर वाय-फायची खूण पूर्ण दिसते, तरी काहीच उघडत नाही, तेव्हा घरातला नळ उत्तम असून पालिकेचे पाणीच आलेले नाही, असा प्रकार असतो. अशा वेळी फोनच्या सेटिंगमध्ये खटपट करण्यात अर्थ नाही. तक्रार सेवा देणाऱ्याकडेच करायला हवी.

मोबाइल टॉवरशी होणारा संवाद याहून लांबचा, काही किलोमीटरपर्यंतचा असतो. येथे लहरींचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. कमी वारंवारतेच्या, म्हणजे सेकंदाला कमी वेळा कंप पावणाऱ्या, लहरी दूरवर जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी शिरतात. जास्त वारंवारतेच्या लहरी अधिक माहिती वाहून नेतात, पण लवकर थकतात. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली फाइव्ह-जी सेवा बऱ्याच अंशी ३३०० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे जास्त वारंवारतेच्या, पट्ट्यावर चालते. त्यामुळे जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात शिरताच फोन फोर-जीवर उतरला, तर तो फोनचा दोष नसतो. अशा घरांत वाय-फाय कॉलिंगची सोय चालू केल्यास साधे फोनही राउटरमार्फत लागतात. ही सोय दुकानदार आपण होऊन क्वचितच दाखवतात.

राहिली जीपीएस. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि फोन त्यांना काहीही कळवत नाही, तो फक्त ऐकतो. निदान चार उपग्रहांचे संकेत पोहोचायला किती वेळ लागला, त्यावरून तो आपले ठिकाण काढतो. सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे, कारण रेंज नसली तरी उघड्या आकाशाखाली फोनला आपले स्थान कळते. पहिल्यांदा वेळ जरा जास्त लागतो, इतकेच. अडतो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येतो. तो घरूनच उतरवून घ्यावा. याचीच दुसरी बाजू अशी की आपला ठावठिकाणा इतरांना कळतो तो उपग्रहांमुळे नव्हे, तर आपण परवानगी दिलेल्या ॲपमुळे. ‘उपग्रह पाळत ठेवतो’ म्हणून घाबरणारी माणसे कोणत्याही ॲपला ती परवानगी बेधडक देताना दिसतात.

शिबिरे भरवणाऱ्या संस्थांना एक सूचना करावीशी वाटते. पहिल्या तासाला सर्वांचे फोन फ्लाइट मोडवर टाकावेत आणि एकेक यंत्रणा चालू करून काय सुरू होते ते दाखवावे. ब्लूटूथ लावताच फोनमध्ये साठवलेले गाणे इअरफोनवर वाजते; वाय-फाय लावताच व्हॉट्सॲपचे निरोप येतात, मात्र वाय-फाय कॉलिंग नसेल तर साधा फोन लागत नाही; आणि आधी उतरवलेल्या नकाशावरचा निळा ठिपका बहुतेक फोनवर फ्लाइट मोडमध्येही सरकत राहतो. या प्रयोगाला खर्च काहीच नाही.

– एक निवृत्त दूरध्वनी कर्मचारी, सातारा