मावशी, मोगरा फुलला

प्रिय मावशी,
सप्रेम नमस्कार.

गंगापूर रोडच्या नर्सरीत जानेवारीत पिशवीभर पिवळी पानं घेऊन आलेली बाई आठवते का? ती मीच. रोपांना पाणी घालता घालता तुम्ही माझं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलंत.

आमच्या परसातला मोगरा सासूबाईंनी लावलेला. त्या गेल्यावर दोन उन्हाळ्यांत त्याला मोजून पाच-सहा फुलं आली. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचे, खत टाकायचे, आणि पानं आणखीच पिवळी पडायची. तुम्हाला मला नवं रोप विकता आलं असतं. तुम्ही विचारलंत, "माती कोणती?" आपली नेहमीची काळी. "मग आधी बोट खुपसून बघ. वरून भेगाळलेली दिसते, आत चिखल असतो." घरी येऊन पाहिलं, तर दोन पेरांखाली खरंच गार चिखल होता. तहानेनं सुकतंय समजून मी त्या झाडाची मुळं कुजवत होते.

मग तुम्ही सांगितलं तसं आठ-दहा दिवस पाणी तोडलं. छाटणीच्या दिवशी मात्र हात उचलेना. सासूबाईंच्या हातचं झाड! "जुन्या काडीवर नाही, नव्या फुटव्यावर फुलतो तो," हे तुमचं वाक्य मनात घोळवत गुडघ्याइतकं ठेवून बाकी छाटलं, उरलेली पानंही काढली. नुसत्या काटक्या उरल्या. घरात कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनाच वाईट वाटलं होतं. बुंध्याभोवतीची माती उकरून शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा मिसळला आणि वाट बघितली.

पाडव्याला गुढीसाठी कडुनिंबाची डहाळी आणायला परसात गेले, तेव्हा पहिल्या कळ्या दिसल्या. मी तिथेच खाली बसले.

आता रोज ऊन उतरलं की वाटीभर कळ्या खुडते. रात्री त्या उमलतात आणि सगळं घर सासूबाईंच्या देवघरासारखं दरवळतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला यंदा कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, आणि प्रत्येकीला घरचा गजरा दिला. मुघलांनी आपल्या नाशिकला गुलशनाबाद, म्हणजे फुलाबागांचं गाव, म्हटलं होतं, ते मला या चैत्रात पहिल्यांदा पटलं.

जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूणही आटोक्यात आहे. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, फवारणी संध्याकाळीच. परवा त्याच जास्वंदीवर शिंजीर पक्षी येऊन गेला.

मावशी, छाटलेल्या काड्यांतल्या चार मी मातीत खोचल्या होत्या. दोन जगल्या. एक लेकीसाठी ठेवली आहे आणि दुसरी कुंडीत लावून तुमच्यासाठी. रविवारी घेऊन येते.

तुमची ऋणी,
पंचवटीतली एक गिऱ्हाईक