पैठणी सुलटीकडूनही बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लग्नसराई तोंडावर आली की अस्सल पैठणी कशी ओळखावी, हे दरवर्षी छापून येतं. पदर उलटा करा, मागे कापलेले, लोंबते धागे दिसले तर ती यंत्रमागावरची. सल्ला बरोबरच आहे. पण आता माझ्याकडे ब्लाउज टाकायला येणारी प्रत्येक बाई पदर आधी उलटा करते, "ताई, अस्सलच आहे ना हो?" असं विचारते आणि घडी घालून मोकळी होते. सुलटीकडे बघायचं राहूनच जातं.

मी २२ वर्षं जालन्यात ब्लाउज शिवते. मीही कुठं बघत होते? एकदा बाहीच्या काठावर कोयरी मधोमध यावी म्हणून टाचण्या लावत बसले होते. कोयरी नेमकी कुठं वळते ते सापडेना. लांबून छान गोलाई दिसे, टाचणी टेकवायला गेलं की गोल कुठंच नाही, नुसत्या पायऱ्या! मागावर धागे उभे आणि आडवे, एवढेच. वळण हवं तर दोन धागे सरकायचं, मग तीन, मग एक. एखादी पायरी चुकली की कोयरीचं वांगं होतं. अजिंठ्याला २ नंबरच्या लेण्यात छतावर गोलात गोल रंगवलेले आहेत. तिथं कुंचला हवा तसा फिरतो. विणकराला तीच गोलाई पायऱ्यांनी आणावी लागते.

नंतर पैठणला गेले तेव्हा मागाजवळ तासभर बसले. पदरात प्रत्येक रंगाची कांडी, म्हणजे धागा गुंडाळलेली नळी, वेगळी. मोराच्या गळ्याचा निळा जिथं संपतो तिथून ती कांडी मागे फिरते, शेजारची जर तिच्यात अडकवून पुढे जायचं. तासाभरात बोटभरही पदर सरकला नाही. माझी मात्र पाठ धरली.

माझ्या सासूबाईंच्या पैठणीवर असावली, म्हणजे फुलवेलीची नक्षी, आहे. पान, कळी, भोवती गडद रेघ आणि मध्ये ऐसपैस मोकळी जर. त्या मोकळ्या जरीमुळंच वेल उठून दिसते. हल्लीच्या पदरांत मोरांची इतकी दाटी की जर दिसतच नाही. गिऱ्हाईक मोर मोजतं, म्हणून विणणाराही मोर वाढवतो. त्याला दोष कसा द्यायचा?

आपल्या पुरवणीला एक विनंती. पुढच्या वेळी ओळखण्याच्या खुणांबरोबर एक छायाचित्रही छापा. अख्खा पदर नको. एकच कोयरी, वाचकाला पायऱ्या मोजता येतील एवढी मोठी.

– एक वाचक (शिवणकाम), जालना