अंधारातला प्रवाह मोजा

संपादक महोदय,

सेंद्रिय प्रकाशसंवेदकांच्या, म्हणजे प्रकाश पडला की वीजप्रवाह देणाऱ्या कार्बनी पदार्थांच्या उपकरणांच्या, बातम्यांत कौतुक असते ते संवेदकाला कुठवरची तरंगलांबी दिसते याचे. 2009 मध्ये पॉलिमरच्या संवेदकाने 300 ते 1450 नॅनोमीटरचा पट्टा गाठला, ती मजल मोठीच. पण खरी अडचण अंधारातही वाहणाऱ्या प्रवाहाची आहे.

1240 ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागले की ऊर्जा-अंतर, म्हणजे पदार्थातला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा, मिळते. 1000 नॅनोमीटरसाठी सुमारे 1.24 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ते इतके खाली आणायला पॉलिमरच्या लांब रेणू-साखळीत इलेक्ट्रॉन देणारे आणि खेचणारे घटक आलटूनपालटून गुंफतात. अंतर घटले की नुसत्या उष्णतेनेही विद्युतभार वाहणारे कण, म्हणजे वाहक, सुटतात, शिवाय उलट व्होल्टेज दिल्यावर इलेक्ट्रोडमधूनही प्रवाह घुसतो. म्हणून दोन्ही बाजूंना हा प्रवाह रोखणारे अडथळा-थर हवेतच. पॉलिमरची फिल्म 100 ऐवजी 300 नॅनोमीटर जाड केली तर तिच्यातल्या सूक्ष्म भोकांतली गळती कमी होते, पण वाहक मंद असतील तर ते वाटेतच एकमेकांत विरतात.

पॉलिमरच्या शुद्धीकरणात घाई तर अजिबात नको. सॉक्सलेटमध्ये (द्रावकाने पुन्हापुन्हा धुणाऱ्या काचेच्या उपकरणात) आधी मिथेनॉल, मग ॲसिटोन, मग हेक्सेन. हेक्सेन रंगहीन उतरू लागेपर्यंत, म्हणजे आखूड साखळ्या निघून जाईपर्यंत थांबावे, पॉलिमर विरघळवून काढणारे क्लोरोफॉर्म त्यानंतरच. उत्प्रेरकातले पॅलेडियम मागे राहिले तर वाहक त्यात अडकतात.

आणि कळकळीची विनंती: संवेदनक्षमतेचा आकडा केवळ अंधार-प्रवाहावरून काढू नये. कमी वारंवारतेचा गोंगाट, म्हणजे प्रवाहातली अनियमित चढउतार, त्यात मोजायचा राहून जातो आणि आकडा फुगतो. गोंगाट प्रत्यक्ष मोजावा, सोबत वारंवारता आणि व्होल्टेजही छापावे.

आपले,
पॉलिमर रसायनाचे काही अभ्यासक