चौदा फुटी बोर्ड घेण्याआधी

शहापूर, बेळगाव
रविवार, रात्री

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की लाइन कटली ते कळलं नाही. मी लाइन कटली असंच धरून चाललोय. आई म्हणत होती, परत लावा. पण फोनवर मी सांगायला जातो एक आणि आवाज चढतो भलताच, म्हणून लिहायला बसलो. शेवटपर्यंत वाच. मध्ये राग आला तर पाणी पी आणि पुढे वाच.

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून करून बघितला. पाण्यावर उभं राहून वल्हवायचा, वापरलेला कार्बनचा रेसिंग बोर्ड, १४ फूट लांब, २४ इंच रुंद. वस्तू देखणी आहे गं. पुढचं टोक कसं धारेला आणलंय, मागे कसं निमुळतं होत गेलंय! ज्यानं हा आकार काढला त्याच्या हाताला माझा नमस्कार. पण मनू, २४ इंच. त्या आकड्याशी मन अडकलंय ते सुटतच नाही.

"तुम्ही लाकडाचं बघा आप्पा, बोर्डाचं मी बघते," असं तू म्हणालीस. बोललीस ते बोललीस, ते मी धरून बसलेलो नाही. पण उद्यमबागेत ओतकामाचे लाकडी पॅटर्न करण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला आकार दिसला की तो कसा वागणार हेही दिसायला लागतं. काल शॉप सुटल्यावर मी फरशीवर खडूनं तीन बोर्ड काढले, पुऱ्या मापाचे. लांब पट्टी वाकवून कडेच्या रेषा घेतल्या. एक तुझा, १४ फूट बाय २४. दुसरा १२ फूट ६ इंच बाय २८. तिसरा लांबीला तेवढाच, पण ३० रुंद. मग एकेकात जाऊन उभा राहिलो. २४ मध्ये पाय खांद्याइतके फाकवले की दोन्ही कडांना चार-चार बोटं उरतात. २८ मध्ये पाऊल सरकवायला, सावरायला जागा राहते. दोहोंत दर बाजूला दोनच इंचांचा फरक, पण पाऊल नेमकं त्या दोन इंचांतच सावरतं.

फरशी हलत नाही, हे मला कळतं. सकाळी सहाला ताज्या पायांनी तू २४ वरही उभी राहशील, याचीही मला खात्री आहे. माझी भीती सकाळची नाहीच. दोन तास वल्हं मारून झालंय, पोटऱ्या भरून आल्यात, समुद्राकडून दुपारचं वारं सुटलंय, शांभवी नदीच्या पाण्यावर आडव्या लाटा उठायला लागल्यात आणि ओहोटी तुला मुखाकडे ओढतेय, त्या वेळची भीती आहे. बोर्ड निवडायचा तो त्या शेवटच्या अर्ध्या तासासाठी. थकलेला माणूस अरुंद बोर्डावर वल्ह्याचा जोर पुढे जायला वापरत नाही, उभं राहायला वापरतो. मग तो वेग काय कामाचा? २८ वर निर्धास्त उभी राहून तू पूर्ण अंगानं वल्हं ओढलंस, तर २४ वर पाय लटलटत असताना जाशील त्यापेक्षा लवकर पोचशील.

रुंद असेल तेवढं बरं, असंही माझं म्हणणं नाही. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर चढलं आणि आपण आजीला आणायला निघालो ते निपाणीच्या अलीकडेच अडकलो, आठवतंय ना? धाकट्या काकांनी आजीला मळ्यातून गुळाच्या काहिलीत बसवून बाहेर काढलं. काहील एवढी रुंद आणि सपाट, की आजी, तिची ट्रंक आणि शेळी असं सगळं आत घेतलं तरी कलली नाही. पण सरळ जाईल तर शपथ. एका बाजूनं वल्हवलं की जागच्या जागी गरगर फिरायची. शेवटी काका आणि गड्यानं छातीइतक्या पाण्यात उतरून दोन्हीकडून ढकलत आणली. १० फुटी, ३३ इंच रुंद ऑलराउंड बोर्डाची चाल त्याच जातीची. उभं राहायला छान, तासभर हौस करायला छान, पण एका बाजूला चार वल्ही मारली की नाक वळतं. लांबचा पल्ला मारायचा तर लांबी पाहिजे. आणि पुढचं टोक होडीसारखं पाणी कापत जाणारं पाहिजे. वर उचललेल्या सपाट नाकाचा बोर्ड लाटांवरून घसरायला ठीक, नदीवर तो पाणी नुसता ढकलत बसतो.

म्हणून मी १२ फूट ६ इंचावर आलोय. टूरिंगसाठी, म्हणजे लांबच्या पल्ल्यासाठी, ही लांबी रुळलेली आहे, आणि रविवारच्या हौशी शर्यतीतही ती कमी पडत नाही. तुझं वजन अठ्ठावन्न, त्याला २८ रुंद पुरे. दादासाठी असता तर ३० म्हणालो असतो. तुला ३० घेतलास तर वल्हं उभं पडणार नाही, हात बाहेर काढून मारावं लागेल, आणि तिरकं वल्हं नाक वळवतं. हे तू मला दिवाळीत सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं.

पण रुंदीचा छापील आकडा बघून थांबू नकोस. तो आकडा बोर्डाच्या सगळ्यात रुंद जागेचा असतो, बहुधा मधला. टेप घेऊन जा आणि शेपटापासून फूटभर पुढे किती रुंदी आहे ते मोज. शेपूट चौकोनी आणि भरलेलं असेल तर २८ चा बोर्डसुद्धा टोकदार शेपटाच्या २९ पेक्षा पायाखाली जास्त गप्प राहतो. दुसरं, उंची. हवा भरून फुगवायचे बोर्ड बहुतेक ६ इंच जाड, म्हणजे तू पाण्याच्या बरीच वर उभी राहणार. काही कडक बोर्डांत उभं राहायची जागा खोल घेतलेली असते, तिथं पाय खाली जातात आणि तोल बसतो. मात्र त्या खोलगटात पाणी साठतं, ते निघून जायला भोकं आहेत का बघ.

तरी तू हवेचाच घ्यावास असं मला वाटतं. तुझी खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि त्या जिन्याच्या वळणावर आपलं कपाट कसं अडकलं होतं ते मी विसरलेलो नाही. १२ फूट ६ इंच म्हणजे ३८१ सेंटिमीटर. तेवढा कडक बोर्ड त्या वळणावरून वर जायचाच नाही. हवेचा घडी करून पिशवीत जातो. फक्त हवा पूर्ण भरायची. दाब १५ पीएसआय लिहिला असेल तर १५ भरायची, हात दुखले म्हणून १० वर सोडायची नाही. कमी हवेचा लांब बोर्ड मधोमध खाली बसतो, मग तू २८ घे नाहीतर ३० घे, तो डुलणारच. आणि उन्हात भरलेला सोडू नकोस. आतली हवा तापली की दाब वाढतो आणि जोड उकलतात.

तो कार्बनचाच बघायला जाणार असशील, आणि तू जाणार हे मला माहीत आहे, तर बोटाच्या पेरानं सगळीकडून टकटक करून ऐक. आवाज एकदम बोदा झाला तर वरचा थर आतल्या फोमपासून सुटलाय असं समज. तळव्यानं दाबून बघ, मऊ लागता कामा नये. कड दगडाला लागून चीर गेली असेल तर आत पाणी शिरतं आणि बोर्ड जड होतो, म्हणून वजन करूनच घे. कार्बन आहे म्हणून भुलू नकोस. आणि अ‍ॅडव्हान्स दिला नसशील तर अजून देऊ नकोस. विकणारा घाई करतोय म्हणजे आपणही घाई करायची असं कुठं लिहिलेलं नाही. स्वतःच्या पगारातून घेतेस म्हणून कुणी बोलणार नाही, असं समजायचं कारण नाही. कमवायला लागलं की माणसाला वाटतं...

हे बघ, सुरू झालो. आई समोरच बसलीय, म्हणते, पोरीला पत्र लिहिताय की नोटीस? माफ कर. पैसे तुझे, पाणीही तुझं.

तुझ्या त्या रविवारच्या शर्यतीचा व्हिडिओ आईनं अख्ख्या गल्लीला दाखवला. तिसरी आलीस म्हणून कॅम्पातून कुंदा आणून वाटला. शेजारच्या आक्कांना शर्यत म्हणजे काय, पोरगी पाण्यावर उभी कशी राहते, बुडत का नाही, सगळं समजावत बसली होती. मी त्यातला वळणाचा तुकडाच परत परत बघतो. वळायच्या खुणेच्या तरंगत्या बोयाजवळ आल्यावर तू एक पाऊल मागे टाकलंस, शेपूट दाबलंस, नाक पाण्याबाहेर आलं आणि बोर्ड अख्खा फिरला. तुझी नजर खाली गेली नाही. ती बोयाच्या पलीकडे होती. असं पाऊल शिकवून येत नाही. मला भारी अभिमान वाटला, आणि तो फोनवर सांगता आला नाही. पण त्या १४ फुटीवर ते मागचं पाऊल ठेवणार कुठं? शेपटाशी जागाच नाही मनू. मी फरशीवर ठेवून बघितलं.

२०२४ च्या मार्चमध्ये मंगळूरजवळच्या ससिहित्लूच्या किनाऱ्यावर इंडिया पॅडल फेस्टिव्हल झालं, तिथं नुसती बघायला म्हणून गेलीस आणि हे वेड घेऊन आलीस. चौदा फुटी तिथंच मनात भरला असणार. पण ते देशोदेशीचे खेळाडू, त्यांचा धंदाच तो. तू बँकेतून सुटून शनिवार-रविवारी जाणारी. आज ना उद्या तीही पायरी येईल. मधली पायरी गाळू नकोस एवढंच.

मामांची विहीर आठवते? खानापूरची. पाठीला डबा बांधून तुला सोडायचो, दोरीचं टोक माझ्या हातात. आठ दिवस डबा, मग अर्धा तास बिनडब्याचं, असं मी ठरवलं होतं. तू दुसऱ्याच दिवशी गाठ सोडून डबा पायरीवर ठेवलास आणि मी तंबाखू मळत असताना उडी मारलीस. वर आलीस तेव्हा हसत होतीस. मामा म्हणाले, ही पोरगी बुडायची नाही. मी त्या पायरीवर डबा हातात घेऊन किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. तुझी आई तेव्हा धाकट्याच्या वेळची होती, तिला आम्ही हे सांगितलंच नाही. आता हे वाचून तिला कळेल.

दोरीवरून आठवलं. बोर्डाची लीश, म्हणजे बोर्ड हातचा सुटू नये म्हणून अंगाला बांधायची दोरी. साचलेल्या पाण्यात गुंडाळीची लीश पोटरीला बांधलीस तर चालेल. वाहत्या नदीत पायाला बांधायची नाही, हे मात्र माझं काही झालं तरी ऐक. जाळ्याच्या खुंट्याला, फांदीला दोरी अडकली की पाण्याचा ओढ माणसाला आडवं करतो आणि पायापर्यंत हात पोचत नाही. कमरेला झटक्यात सुटणारा पट्टा मिळतो, तोच घे. आणि लाइफ जॅकेट अंगात घालायचं, बोर्डावर बांधून न्यायचं नाही. निघताना वारा आणि ओढ तोंडावर घेऊन जायचं, म्हणजे परतताना दोन्ही पाठीशी असतात.

आता एकच मागतो. दोन्ही बोर्ड एकेक दिवस भाड्यानं घे. सकाळी लगेच ठरवू नकोस. दीड-दोन तास वल्हव, पाय थकू दे, मग वारं आडवं असताना जागच्या जागी उभी राहा, खांद्यावरून मागे वळून बघ, एक पाऊल मागे टाकून पुन्हा पुढे ये. हे २४ वर जमलं तर मला फोन कर आणि घे. मी एक शब्द बोलणार नाही. नाही जमलं तर १२ फूट ६ इंच बाय २८, आणि त्यातले निम्मे पैसे आईच्या भिशीतून येतील. तिनं कबूल केलंय.

राकसकोपवर बोर्ड आणायचं मनातून काढ. ते गावाचं प्यायचं पाणी, तिथं कोण उतरू देणार? हिडकलचं मी कुणाला तरी विचारून ठेवतो.

धाकट्याची परीक्षा चाललीय. आजीचा गुडघा तसाच. ती विचारते, मनूचा बोर्ड किती रुंद. मी हातानं दाखवलं तर म्हणाली, एवढ्यावर मी तर बसणारही नाही.

तुझा,
आप्पा

ता. क. शुक्रवारच्या रात्रीच्या बसनं मांडे पाठवतोय, कंडक्टरकडे देतो. डब्यात वर मांडे आहेत, खाली माझा स्टीलचा टेप ठेवलाय, जुना, पण माप बरोबर दाखवतो. बघायला जाताना घेऊन जा. शेपटाची रुंदी कळव.