बारोलो आणि तीन तासांचा सिनेमा

तोरीनो

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तब्येत छान आहे, हीटर चालू आहे, खोकला गेला. आई, फोटोतल्या ग्लासावरून फोनवर तुझा आवाजच बदलला, म्हणून आधी हिशोब सांगते. बारोलो वाइनची बाटली 750 मिलीची. सहा जणांत तीन वेळा 40-40 मिली ओततात आणि तळाचा गाळ टाकून देतात. म्हणजे तीन तासांत माणशी 120 मिली, तेही चीज खात खात. याला पिणं म्हणू नकोस गं.

बाबा, तुम्हाला मात्र यातली खरी गंमत कळेल. इथले दर्दी सिनेमा बघून वाइन निवडतात. परवा होता इटालियन दिग्दर्शक व्हिस्कोंतीचा ‘इल गात्तोपार्दो’, 1963 चा. कथा 1860 च्या सिसिलीतली, म्हणून बरेच जण तिथलीच नेरो दावोला ही लाल वाइन आणतात. मला बारोलोच पटते. सिनेमात सिसिलीच्या प्रिन्सला, म्हणजे तिथल्या बड्या सरदाराला, नव्या इटली राज्याचं बोलावणं घेऊन शेव्हाले नावाचा अधिकारी येतो, तो आमच्या या पिएमोंते प्रांताचा, आणि बारोलोही इथलीच. शिवाय सिनेमा तीन तासांच्या वर आहे. नेरो दावोला पहिल्या तासात गोड वाटते आणि मग थकते. बारोलो उशिरा खुलते.

ही वाइन कायद्यानेच निदान 38 महिने मुरवतात, त्यातले 18 लाकडी पिंपात. ती ज्यापासून करतात त्या नेब्बिओलो द्राक्षाचा रंग फिका, म्हणून ग्लासात ती हलकी दिसते. घोट घेतला की हिरडा चघळल्यासारख्या हिरड्या आवळतात. ते टॅनिन, द्राक्षाच्या सालीतलं तुरट द्रव्य. बाटली आदल्या दिवशीच उभी ठेवायची, म्हणजे गाळ खाली बसतो. सिनेमाच्या दीड-दोन तास आधी बूच काढून रुंद भांड्यात हळूच ओतायची, मानेशी गाळ आला की थांबायचं. आणि मग कुणीही हात लावायचा नाही! सगळे तिच्याभोवती बसून गप्पा मारतात. हवा लागून वास मोकळा होतो, पण एवढा धीर मला अजून नवलाचा वाटतो.

पहिला घोट सुरुवातीला, दुसरा प्रिन्सच्या दोन्नाफुगाताच्या वाड्यातल्या जेवणात नगराध्यक्षाची मुलगी अँजेलिका खळखळून हसते तेव्हा, तिसरा शेवटच्या बॉलसाठी, म्हणजे नाचाच्या मेजवानीसाठी राखायचा. तो प्रसंग जवळजवळ पाऊण तासाचा. तोवर तुरटपणा निवळतो, गुलाबाचा आणि किंचित डांबराचा वास वर येतो, आणि पडद्यावर प्रिन्स झालेला बर्ट लँकेस्टर थकलेला असताना वॉल्ट्झ नाचतो. तिथे ही वाइन शोभतेच.

दादाला करून बघायचं असेल तर अकलूजकडची सान्जोवेझे-कॅबरने, म्हणजे या दोन द्राक्षांची लाल वाइन घ्यावी. तापमान 16 ते 18 अंश हवं. आपल्याकडच्या उकाड्यात अल्कोहोल नाकात जातो, तेव्हा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. फार गार केली तर तुरटपणा बोचतो. लसणाची शेव, तिखट चिवडा नको, जीभ पेटते. गोडही नको, वाइन आंबट लागते. जुनं खारट चीज किंवा खारे बदाम चालतील.

बाटली एका मैत्रिणीची होती, माझे पैसे गेले नाहीत. सोमवारी नेहमीचे पाठवते. त्यातून बाबांच्या दाढेचं काम आधी उरका, हप्ता मी बघते. सातारच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही, मेपर्यंत थांबवा, तेव्हा येते आहे. दिवाळीला रजा मिळत नाही. आई, रागावू नकोस, आणि गुडघे दुखत असताना फराळाचं पार्सल करू नकोस. करायचंच असेल तर फक्त चकल्या.

तुमची,
मनू