लेसरच्या बातमीत एक आकडा राहिला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. परवा तुमच्या पेपरात रोमानियातल्या 10 पेटावॅट (एक पेटावॅट म्हणजे एकावर पंधरा शून्यं इतके वॅट) लेसरची बातमी आली, हेडिंग काय तर अख्ख्या देशांना पुरेल एवढी वीज! संध्याकाळी राजेंद्रनगरात माझ्याकडे ट्यूशनला येणाऱ्या अकरावीच्या मुलानं कात्रण पुढे करून विचारलं, मॅडम, मग आता लाइट बिल कमी येईल ना?

अहो, पेटावॅट ही पॉवर झाली, म्हणजे एनर्जी किती वेगानं बाहेर पडते ते; एकूण एनर्जी वेगळी. रोमानियात मागुरेले गावी असलेल्या त्या लेसरचा एक झटका टिकतो जेमतेम 25 फेम्टोसेकंद (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग). मुलांना गुणाकार करायला लावला तर साधारण 250 ज्यूल आले, तेवढ्यात आतून चहा आला, म्हटलं आता हा कप 100 मिलीचा धरा आणि ती सगळी एनर्जी यात ओता. अर्ध्या डिग्रीच्या वर थोडासाच तापला! पोरं जाम हसली.

मग त्याचं काय करायचं? तर तोच उजेड काही मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपक्यावर गोळा केला की समोरच्या पातळ फॉइलमधून इलेक्ट्रॉन उखडले जातात, त्यांच्यामागे प्रोटॉन सुसाट सुटतात, आणि न्यूक्लियर फिजिक्सवाल्यांना प्रयोगाला तेच हवं असतं. एवढा जोर एकदम काचेतून नेला तर काचच जळेल, म्हणून पल्स, म्हणजे तो झटका, आधी लांब ताणतात, मग वाढवतात आणि शेवटी परत आखूड करतात. आपली इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे मिरवणूक, गल्लीतून लांबच लांब होऊन येते आणि राजवाड्यासमोर एकदम गर्दी होते ना, तसं काहीसं. 1985 मध्ये स्ट्रिकलंड आणि मूरू यांनी काढलेली ही युक्ती, नोबेल मिळालं 2018 ला.

वीज म्हणत असाल तर तो अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीचा वेगळा लेसर. 5 डिसेंबर 2022 ला त्यांनी 2.05 मेगाज्यूल उजेड टाकून 3.15 मेगाज्यूल फ्यूजनमधून, म्हणजे अणूंची केंद्रकं एकत्र जुळवून, मिळवले, पण तो उजेड तयार करायलाच ग्रिडमधून 300 च्या आसपास मेगाज्यूल ओढले होते, हे कुणी छापत नाही.

आणि रोमानिया कशाला, आपल्या इंदूरच्या कॅट रोडवरच्या सरकारी संशोधन केंद्रात 150 टेरावॅटचा (हजार टेरावॅट म्हणजे एक पेटावॅट) लेसर आहे की! त्या केंद्राचं कॅट (सेंटर फॉर अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी) हे नाव बदलून राजा रामण्णा केंद्र झालं तरी रिक्षावाला अजून कॅटच म्हणतो. एखादा रिपोर्टर तिकडे पाठवा, आणि पुढच्या वेळी पेटावॅट छापलात तर शेजारी फेम्टोसेकंदही छापा, त्या पोराला मी काय ते सांगीन.

आपली,
एक फिजिक्सची मास्तरीण, इंदूर