कमलाबाईंची चार वर्षं एका वाक्यात उरकू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींवरचा पानभर लेख वाचला. त्यांची आठवण काढलीत, चांगला फोटो छापलात, याबद्दल मनापासून आभार. पण लेख वाचून झाल्यावर जो संताप आला तो रात्रभर गेला नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसले आहे.

पानाचा निम्म्याहून जास्त भाग सर सी. व्ही. रामन यांनी खाल्ला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक असताना त्यांनी प्रवेश नाकारला, कमलाबाईंनी सत्याग्रह केला, मग एक वर्षाच्या अटीवर घेतलं, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं, बाकीच्यांचं लक्ष विचलित होता कामा नये, वगैरे. हा प्रसंग खरा आहे आणि तो सांगायलाच हवा. पण ते १९३३ साल होतं. कमलाबाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. त्यापुढे त्या १९६९ पर्यंत काम करत होत्या, आणि त्यातला बहुतेक काळ आपल्या मुंबईत, सरकारी विज्ञान संस्थेत गेला. त्या काळाला आपल्या लेखकाने एक परिच्छेद दिला. त्यात एक वाक्य असं: ‘पुढे काहीशा उशिराने त्या संस्थेच्या संचालक झाल्या.’

काहीशा उशिराने? चार वर्षं त्यांना त्या खुर्चीपासून दूर ठेवलं होतं. संस्थेतल्या अंतर्गत राजकारणामुळे ठेवलं होतं, आणि ही काही गुप्त गोष्ट नाही, त्यांच्याविषयी लिहिलेल्या मजकुरात ती जागोजागी सापडते. १९३९ ते १९६९ अशी तीस वर्षांची कारकीर्द धरली तर त्यातली चार वर्षं. केंब्रिजमध्ये ज्या बाईने १४ महिन्यांत, ४० पानांच्या प्रबंधावर डॉक्टरेट मिळवली, बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम सी हे श्वसनाला लागणारं प्रथिन दाखवून दिलं, गाउलँड हॉपकिन्स यांच्यासारख्या नोबेल मानकऱ्याच्या विभागात नाव कमावलं, तिला मुंबईत एका पदासाठी चार वर्षं तिष्ठत ठेवलं. शेवटी नेमणूक झाली तेव्हा केंब्रिजचे त्यांचे जुने मार्गदर्शक डेरेक रिश्टर यांनी एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेची पहिली महिला संचालक म्हणून त्यांचं कौतुक केलं. तिकडच्या माणसाला त्याचं मोल कळलं. इकडे आपण ‘काहीशा उशिराने’ लिहून मोकळे झालो.

तमिळनाडूतल्या कुन्नूरचंही तेच. तिथल्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या सहायक संचालक होत्या. आपला लेख म्हणतो, ‘विवाहानंतर संसारासाठी त्यांनी कुन्नूर सोडलं.’ १९४७ मध्ये लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या, हे बरोबर. पण तिथे पुढे जायला वाट दिसत नव्हती आणि राजीनाम्याचा विचार मनात घोळत होता, हे लेखातून गळलं. बाईने नोकरी सोडली की कारण संसारच असणार, असं धरून चालणं फार सोपं आहे.

मला हे इतकं लागतं याचं कारण सांगते. मी स्वतः जीवरसायनाची. सत्तरच्या दशकात एका सरकारी प्रयोगशाळेत लागले. तिचं नाव लिहीत नाही, त्यातली बहुतेक माणसं आता हयात नाहीत. कडधान्यं, तेलं, दूध यांचे नमुने तपासणं हे आमचं काम. वरचं पद रिकामं झालं तेव्हा सेवाज्येष्ठता यादीत माझं नाव पहिलं होतं. गोपनीय अहवालांत एकही वाईट शेरा नव्हता. फाइल वर गेली आणि बऱ्याच दिवसांनी विचारणा घेऊन खाली आली: सदर पदास जिल्ह्यांत फिरती असून मुक्काम करावे लागतात, महिला अधिकाऱ्यास ते सोयीचे होईल काय, याबाबत अभिप्राय द्यावा.

तोवर मी नमुने गोळा करायला एसटीने किती तालुके पालथे घातले होते! आश्रमशाळेच्या व्हरांड्यात झोपले होते, पावसात अडकून पडले होते, नमुन्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन आले होते. त्या प्रवासभत्त्याची बिलं त्याच कार्यालयाने मंजूर केली होती. त्या बिलांच्या प्रती जोडून मी उत्तर दिलं. मग काही महिन्यांनी दुसरी विचारणा आली: संबंधित अधिकाऱ्याची अपत्ये लहान आहेत काय? मधल्या काळात पद रिकामं ठेवायचं नाही म्हणून यादीत माझ्या खाली असलेल्या सहकाऱ्याकडे तात्पुरता कार्यभार दिला. तो त्याच्याकडे त्याच्या निवृत्तीपर्यंत राहिला. त्यालाही दोन लहान मुलं होती. त्याच्या फायलीवर तो प्रश्न कुणी लिहिला नाही. तो माणूस वाईट नव्हता. वार्षिक अहवाल मी लिहायची, तो सही करायचा, आणि सही करताना माझ्याकडे बघायचा नाही.

मी मंत्रालयात खेटे घातले. ज्या कार्यासनाकडे फाइल आहे असं सांगायचे तिथे गेलं की ती दुसरीकडे गेलेली असायची. टिपणीवर ‘आदेशानुसार’ असायचं. आदेश कुणाचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या यजमानांनी मला कोर्टात जायला सांगितलं, मी गेले नाही. त्याच लोकांबरोबर रोज एका टेबलावर काम करायचं होतं.

रामन निदान समोर बसून ‘नाही’ म्हणाले. त्यामुळे कमलाबाईंना त्यांच्या दारात बसता आलं, आणि वर्षभर काम बघितल्यावर रामन यांना आपलं मत बदलावं लागलं, पुढे इतर मुलींनाही त्या संस्थेत प्रवेश मिळू लागला. मुंबईत त्यांना अडवणारा कोण होता, त्याचं नाव आपल्याला माहीत आहे का? फायलीला दार नसतं, मग सत्याग्रह करायचा कुठे? म्हणूनच वर्तमानपत्रांना १९३३ ची गोष्ट आवडते असं मला वाटतं. त्यातला अन्याय जुना आहे, लांबच्या गावचा आहे, आणि शेवटी तो सुधारतो. मुंबईतली गोष्ट आपल्याच राज्याच्या संस्थेत घडली. ती संस्था आजही मादाम कामा रस्त्यावर उभी आहे, आणि मंत्रालयही त्याच रस्त्यावर आहे. तिथे एखादा वार्ताहर पाठवून जुन्या नोंदी मागवल्या असत्या तर लेखाला किती अर्थ आला असता!

आणि त्या संस्थेत त्यांनी जे काम केलं ते तरी नीट सांगायचं. नीरेवरचं काम आपण ‘ताडाच्या रसावर संशोधन’ अशा तीन शब्दांत संपवलं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतलं. नीरेत आणि तिच्यापासून केलेल्या गुळात अ आणि क जीवनसत्त्वं आणि लोह पुरेशा प्रमाणात असतं, आटवल्यावरही ते टिकतं, आणि कुपोषित आदिवासी मुलांच्या व गरोदर बायकांच्या आहारात नीरा घातली तर प्रकृती सुधारते, हे त्यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. महाग औषधांवाचून, झाडावरून उतरवलेल्या रसाने ज्यांचं पोषण सुधारू शकतं अशा लोकांसाठी एका जीवरसायनशास्त्रज्ञ बाईने आयुष्यातली वर्षं घातली. यापेक्षा मोठी बातमी कुठली? निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. नऊ बायकांनी १९६६ मध्ये मुंबईत ग्राहक मार्गदर्शन संस्था सुरू केली, तिच्या कामात त्या होत्या आणि पुढे अध्यक्षही झाल्या. ग्राहक चळवळीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तेलातली आणि मसाल्यातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखायची, हे सामान्य बाईपर्यंत पोचवण्याचं काम त्या चळवळीने केलं. आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही.

लेखाच्या मथळ्यात ‘भारतातील पहिली महिला शास्त्रज्ञ’ असं छापलं आहे. तेही चूक. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३१ मध्येच मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली होती. कमलाबाईंचं मोठेपण असल्या पहिलेपणावर अवलंबून नाही, तेव्हा दुसऱ्या बाईचा मान काढून त्यांना देऊ नये. फोटोखाली ‘दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी’ ही ओळख. दुर्गाबाईंबद्दल मला नितांत आदर आहे, पण दुर्गाबाईंच्या फोटोखाली ‘शास्त्रज्ञ कमला सोहोनींच्या थोरल्या भगिनी’ असं आपण कधी छापलं आहे का?

आता आणखी एक गोष्ट, आणि ती जास्त तातडीची आहे. त्याच पुरवणीच्या शेवटच्या पानावर आरोग्याच्या सदरात ‘सर्व कडधान्यं मोड आणून कच्चीच खावीत, शिजवल्याने प्रथिनं मरतात’ असा सल्ला आहे, आणि सोबत वालाच्या कच्च्या मोडांच्या कोशिंबिरीची कृती. एकाच अंकात कमला सोहोनींना वंदन आणि त्यांचं आयुष्यभराचं काम पुसून टाकणारी ही कृती! कडधान्यांतली प्रथिनं हा त्यांचा बंगळुरूपासूनचा विषय. आपल्या अन्नपदार्थांतले ट्रिप्सिनरोधक घटक या विषयावर त्यांनी पन्नासच्या दशकात शोधनिबंध प्रसिद्ध केले आहेत. ट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं विकर. कच्च्या डाळीकडधान्यांतला घटक त्यालाच अडवतो, म्हणजे खाल्लेलं प्रथिन अंगी लागत नाही. वालात तर रक्तपेशींच्या गुठळ्या करणारं एक प्रथिनही असतं. ते कमलाबाईंनी आपल्या विद्यार्थ्यांबरोबर वेगळं काढलं आणि उंदरांच्या खाण्यात घालून त्यांच्या वाढीवर काय परिणाम होतो ते तपासलं. नीट शिजवल्यावर हे घटक निकामी होतात. मोड आणल्याने काही प्रमाणात कमी होतात, पण जात नाहीत. राजम्याचे तर मोजके कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबांना पुरतात.

आमच्या घरी वाल भिजत घालायचे, मोड आणायचे, सोलून डाळिंब्या करायच्या आणि मग मंद आचेवर त्या चांगल्या मऊ शिजवायच्या. माझ्या आजीला ट्रिप्सिन माहीत नव्हतं, पण कच्ची डाळिंबी तोंडात टाकली की ती हातावर फटका द्यायची. ती कृती वाचून कुणी लहान मुलांना किंवा पोटाच्या दुखण्याने हैराण म्हाताऱ्यांना कच्चे वाल खाऊ घातले तर त्याची जबाबदारी कोण घेणार? त्या सदराच्या लेखकाने कुठल्या आधारावर हे लिहिलं, ते मला समजून घ्यायचं आहे. आणि सदर छापण्याआधी आपल्या कार्यालयात ते कुणी वाचतं की नाही, हेही.

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कमलाबाईंचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या. निवृत्तीला तेव्हा जवळजवळ तीस वर्षं झाली होती. सरकारी संशोधनाने आपल्या माणसाची दखल घ्यायला एवढा वेळ घेतला. वर्तमानपत्राने तरी त्यांच्याविषयी अर्धवट लिहू नये, एवढीच अपेक्षा.

माझ्या मागण्या दोनच. वालाच्या कृतीबद्दलचा खुलासा येत्या रविवारपर्यंत थांबवू नका, उद्याच्याच अंकात पहिल्या पानावर छापा. आणि कमलाबाईंच्या मुंबईतल्या वर्षांवर स्वतंत्र लेख करा. त्या काळातल्या त्यांच्या विद्यार्थिनी आता ऐंशीच्या घरात आहेत, पण काही जणी अजून बोलू शकतात. त्यांच्याकडे लवकर जा. पत्ते लागले तर मी जुन्या ओळखींतून शोधून देईन, मात्र त्यांची परवानगी आधी घेईन.

आपली,
एक निवृत्त संशोधन अधिकारी,
डोंबिवली